चालू कंपनी विकत घेतली आणि जुनी उधारी गळ्यात पडली

ताबा घेतल्यावर तिसऱ्याच दिवशी कागद पुरवणाऱ्याचा फोन आला. "चार महिन्यांचे पैसे थकलेत, कधी देताय? आधीचे मालक म्हणाले होते, नवे साहेब आले की सगळं चुकतं करतील." मी उडालोच. करारात तर लिहिलं होतं की कर्ज विकणारा फेडेल, बँकेतली रोकड तो काढून घेईल आणि कंपनी मला कोरी मिळेल.

पुठ्ठ्याचे खोके बनवणारी छोटी कंपनी होती. साठ टक्के पैसे बँकेचे, तेही माझ्या वैयक्तिक हमीवर. बाकी माझी पुंजी.

गोम अशी की पुरवठादारांची देणी करारातल्या 'कर्ज' या व्याख्येत बसतच नव्हती. शेवटच्या चार-पाच महिन्यांत विकणाऱ्याने पुरवठादारांना झुलवत ठेवलं, गिऱ्हाइकांना सूट देऊन येणी आधीच वसूल केली आणि कच्चा माल मागवणं जवळजवळ थांबवलं. बँकेत रोकड साचली, ती कराराप्रमाणे त्याची. खेळतं भांडवल, म्हणजे साठा आणि येणी यांतून देणी वजा करून उरतं ते, असं पिळून काढलं होतं. गोदाम मी स्वतः पाहिलं होतं हो! पुढच्या रांगेत कागदाची रिळं छताला टेकलेली. मागच्या फळ्या रिकाम्या होत्या, पण तिथवर गेलं कोण?

किंमत ठरली वार्षिक नफ्याच्या चौपट. मालक पगार घेत नव्हता, भाऊ उत्पादन फुकट सांभाळत होता. त्या दोघांच्या जागी माणसं ठेवल्यावर 100 चा नफा 65 वर आला. म्हणजे 260 ची वस्तू मी 400 ला घेतली. हे मात्र त्याने लपवलं नव्हतं, पगाराचा रकाना समोर कोरा होता. तो गाढवपणा माझाच.

संगणक बनवणाऱ्या एचपीने 2011 मध्ये ऑटोनॉमी ही सॉफ्टवेअर कंपनी सुमारे 11 अब्ज डॉलरला घेतली आणि पुढच्याच वर्षी 8.8 अब्ज डॉलरचं मूल्य हिशेबाच्या पुस्तकातून उडवलं. हिशेबातल्या गैरप्रकारांमुळे फसलो, असं एचपीचं म्हणणं. त्यांच्याकडे ऑडिटरांची फौज होती. माझ्याकडे एक दलाल, ज्याचं कमिशन सौदा झाला तरच मिळणार होतं.

तुम्ही असा सौदा करत असाल तर येणी, देणी आणि साठ्याचे निदान बारा महिन्यांचे दरमहाचे आकडे मागा. ताळेबंद एका तारखेचा असतो, ती तारीख सजवता येते. सरासरी खेळतं भांडवल करारात लिहून घ्या, ताब्याच्या दिवशी ते कमी भरलं तर तेवढी किंमत कापायची. आणि दहा-पंधरा टक्के रक्कम वर्षभर एस्क्रोमध्ये, म्हणजे तिऱ्हाइताच्या ताब्यातल्या खात्यात, अडकवून ठेवा. विकणारा याला कां-कूं करू लागला, तर तिथेच थांबा.

वकील म्हणाले, खोटं असं कागदावर काहीच नाही. "ताबा देईपर्यंत धंदा नेहमीच्या पद्धतीने चालवू" हे वाक्य पहिल्या मसुद्यात होतं. शेवटच्या मसुद्यातून ते गाळलेलं होतं, आणि त्या पानावर खाली माझीच सही आहे.