कमी चाललेली ईव्ही घेताय? आधी ती कुठे आणि किती दिवस उभी होती ते विचारा

जरा लांबण लागणार आहे पण कोणी सेकंडहँड इलेक्ट्रिक गाडी बघत असाल तर वाचा. मी ७ लाख २० हजार घालवून बसलोय.

आम्ही फोंड्याचे, माझी नोकरी म्हापशाला, जाऊन येऊन रोजचे ऐंशीच्या वर किलोमीटर होतात, त्यामुळे पेट्रोलला कंटाळून ईव्ही शोधत होतो. एका एजंटने गाडी दाखवली, तीन वर्षांची आणि मीटरवर फक्त ९ हजार. म्हणाला, "पात्रांव, मालक शिपवर असतो, गाडी चालवलीच नाही, डोळे झाकून घ्या." आता गोव्यात शिपवाल्याची गाडी म्हटलं की आपण तिथेच अर्धे विरघळतो, जपलेली असणार, महिन्यातून एकदा चर्चला किंवा बाजारात नेली असणार वगैरे. पेट्रोल गाडीला हे थोडंफार लागूही पडतं. ईव्हीचं गणित वेगळं असतं हे मला नंतर कळलं, पैसे देऊन.

खुणा समोरच होत्या हो. बॉनेट उघडलं तर बारा व्होल्टची छोटी बॅटरी कोरी करकरीत, स्टिकरसकट. मी येडा खूश, म्हटलं चला नवी बॅटरी फुकटात. ती तीन वर्षांत बदलावी लागणं तसं नवल नाही, पण आधीची कशाने मेली हे विचारायला तोंड उघडलं नाही. साठच्या पुढे स्टेअरिंग थरथरत होतं, एका जागी उभं राहून टायर चपटे झाले होते. सीटला तो पावसाळ्यात बंद ठेवलेल्या घराचा वास. आणि चार्ज ९४ टक्के तयार ठेवलेला. मी म्हटलं एक रात्र घरी नेतो, स्वतः चार्ज करून बघतो, तर म्हणे इन्शुरन्सचा लफडा होईल. तिथेच उठायला हवं होतं.

चौथ्या दिवशी मांडवीचा पूल ओलांडून पर्वरीचा चढ चढताना ५८ टक्के दाखवत होतं, जरा जोरात दाबली आणि आकडा थेट ११ वर, स्क्रीनवर कासव (म्हणजे पॉवर कमी केलीय याची खूण), गाडी बैलगाडीच्या वेगाने, मागे कदंब बसवाला हॉर्नवर हात ठेवून. सपाटीला आल्यावर परत ३० दाखवायला लागली. मला वाटलं सॉफ्टवेअर असेल.

सर्व्हिस सेंटरवाल्याने चॅसिस नंबर टाकला आणि माझ्याकडे असा बघितला की मी समजलो. गाडी आधीच त्यांच्याकडे येऊन गेली होती, बॅटरी पॅकला (म्हणजे गाडी चालवणाऱ्या मोठ्या बॅटरीला) ५ लाख ८० हजारांचं कोटेशन दिलेलं होतं आणि मालकाने काम न करता गाडी टो करून परत नेली होती. म्हणजे पैसे द्यायच्या आधी मी फक्त चॅसिस नंबर घेऊन तिथे गेलो असतो तर दहा मिनिटांत सगळं बाहेर आलं असतं. आरसी बघितली, इन्शुरन्स बघितला, चलन पेंडिंग आहे काय तेपण बघितलं. हेच बघितलं नाही.

मालकाच्या भावाचा नंबर काढून फोन केला. माणूस सरळ निघाला. निघताना गाडी म्हणे चार्जरला लावूनच ठेवलेली. पण जूनमध्ये घर बंद करताना विजांच्या भीतीने मेन स्विच खाली केला (आपण सगळेच करतो, माझी आईसुद्धा करते), चार्ज तेव्हाच दहाच्या खाली होता, चवथीलाही कोणी आलं नाही, आणि फेब्रुवारीत गॅरेज उघडलं तर गाडी अनलॉकसुद्धा होईना. प्लग लावलेला, पण भिंतीत करंटच नाही!

मेकॅनिकने समजावलं ते असं. गाडी बंद असली तरी बीएमएस (बॅटरीवर लक्ष ठेवणारी यंत्रणा) आणि ते मोबाईल ॲपचं कनेक्शन थोडं थोडं पीत राहतं. नुसती बारा व्होल्टवाली मेली तर घाबरायचं कारण नाही, ती बदलली की गाडी जागी होते. पण मोठ्या पॅकमधले लिथियमचे सेल सुरक्षित मर्यादेच्या फारच खाली जाऊन महिनोन् महिने तसेच राहिले तर आतला तांब्याचा पातळ पत्रा विरघळायला लागतो, नंतर चार्ज केलं की तेच तांबं भलतीकडे जमतं आणि आतल्या आत शॉर्ट होऊ शकतो. माझ्या गाडीत काही सेल असे खलास झालेले, बाकीचे बरे. म्हणून सपाट रस्त्यावर चालते आणि चढाला लोड आला की कोसळते. एजंटने कुठल्यातरी गॅरेजमध्ये पॅक बाहेरून चार्ज करून जागा केला होता. माझी बायको पोराला घेऊन त्यात बसली होती, हे आठवलं की अजून डोकं फिरतं.

वॉरंटी कागदावर ८ वर्षं किंवा १ लाख ६० हजार किमी आहे. पण बॅटरी पूर्ण उतरू दिली तर ती लागू नाही, हे त्यातच लिहिलंय. २०१२ मध्ये अमेरिकेत टेस्लाच्या जुन्या रोडस्टरवरून हीच बोंब झाली होती, बॅटरी पूर्ण उतरून मेली, नवीन ४० हजार डॉलरच्या घरात आणि वॉरंटी नाही. ५० टक्क्यांच्या आसपास ठेवून महिनाभर गावी गेलात तर काही होत नाही, १० टक्क्यांवर सोडून जाऊ नका एवढंच.

भावाने एजंटला गाडी अडीच लाखांना दिली, सगळं सांगून, कोटेशनचा फोटोसुद्धा व्हॉट्सॲपवर पाठवलेला. तो स्क्रीनशॉट माझ्याकडे आहे. एजंट आधी म्हणाला "ॲज इज व्हेअर इज दिलीय", म्हणजे आहे तशी, आता फोनच उचलत नाही. १९१५ या ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवली, जिल्हा ग्राहक आयोगात केस टाकतोय, ५ लाखांपर्यंतच्या व्यवहाराला फी नाही. आणि माझा व्यवहार कागदावर बरोबर ५ लाखांचाच आहे, कारण वरचे २ लाख २० हजार त्याने कॅश मागितले आणि मी पावती न घेता दिले. वकीलबाईंनी सगळ्यात आधी तेच विचारलं.