नावापुढची अक्षरं की उलटतपासणीचा सराव? ब्रिटनमध्ये तज्ज्ञ साक्ष देऊ पाहणाऱ्या मानवशास्त्रज्ञासाठी

महाराष्ट्रात फील्डवर्क केलेल्या आणि आता ब्रिटनमध्ये शिकवणाऱ्या मानवशास्त्रज्ञाला एखाद्या सॉलिसिटरचा (खटल्याची तयारी करणाऱ्या वकिलाचा) निरोप येऊ शकतो : आंतरजातीय लग्न केलेल्या जोडप्याने आश्रय मागितलाय, भावकीकडून जिवाला धोका आहे म्हणतात, अहवाल द्याल का? मग मनात येतं, आधी एखादी ‘एक्स्पर्ट विटनेस’ म्हणजे तज्ज्ञ साक्षीदाराची मान्यता घ्यावी का?

कायद्याने ती सक्तीची नाही. ‘केनेडी विरुद्ध कॉर्डिया’ या २०१६ च्या निकालात तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने चार गोष्टी तपासायला सांगितल्या : साक्षीची न्यायालयाला मदत होते का, साक्षीदाराकडे ज्ञान आणि अनुभव आहे का, तो निःपक्षपाती आहे का, आणि त्याच्या मताला विश्वासार्ह ज्ञानशाखेचा आधार आहे का. यात प्रमाणपत्राचं नाव नाही. तरी लोक मान्यता घेतात, आणि ते अगदीच वावगं नाही.

पहिला पर्याय आपल्याच विषयातल्या संस्थांचा. रॉयल अँथ्रोपॉलॉजिकल इन्स्टिट्यूट १८७१ ची, सोशल अँथ्रोपॉलॉजिस्टांची संघटना एएसए १९४६ ची. यांच्या सभासदत्वावरून तुम्ही याच बिरादरीचे आहात एवढं कळतं. कोर्टात उभं राहता येतं का, याची परीक्षा तिथे कोणी घेत नाही.

दुसरा पर्याय अकॅडमी ऑफ एक्स्पर्ट्स (१९८७) किंवा एक्स्पर्ट विटनेस इन्स्टिट्यूट (१९९६) या तज्ज्ञ साक्षीदारांच्या संस्थांचा. आचारसंहिता, अहवालाचे नमुने आणि वकील चाळतात ती यादी, हा इथला फायदा. पण या जगाची घडण इंजिनियर, डॉक्टर, अकाउंटंट यांच्या कामावर झालेली. आश्रयाच्या खटल्यांतले सॉलिसिटर माझ्या मते यादीपेक्षा तुमचा छापलेला लेख आणि दुसऱ्या वकिलाचा शब्द जास्त मानतात. वर्षाकाठी एक-दोनच अहवाल लिहिणार असाल तर वर्गणी अंगावर पडेल.

तिसरा, बाँड सोलन या प्रशिक्षण कंपनीचं, विद्यापीठाच्या जोडीने दिलं जाणारं प्रमाणपत्र : अहवाललेखन, कोर्टातलं वागणं, उलटतपासणी, कायद्याची ओळख. पैसे घालायचेच तर माझं मत इथे घालावेत. कारण आपल्या लोकांची खोड ठाऊक आहे. सेमिनारमध्ये ‘हे गुंतागुंतीचं आहे’ म्हटलं की माना डोलतात. बॅरिस्टर मात्र विचारतो, ‘म्हणजे हो की नाही?’

ऑस्ट्रेलियातल्या युलारा खटल्यात (जँगो विरुद्ध नॉर्दर्न टेरिटरी) आदिवासींचा जमीनहक्क संपल्याबद्दलच्या भरपाईच्या दाव्यासाठी मानवशास्त्रज्ञांनी दिलेल्या अहवालावर ढीगभर हरकती आल्या. गृहीत काय, पाहिलेलं काय आणि त्यावरून काढलेलं मत कोणतं, हे अहवालात वेगळं दिसत नाही, ही न्यायाधीशांची मुख्य तक्रार. विषयाचं ज्ञान होतं, कोर्टाला लागणारी मांडणी नव्हती.

आपल्या जोडप्याच्या अहवालात हाच फरक कसा पडतो पाहा. ‘हे दोघं खरं बोलताहेत’ असं लिहिलंत की संपलं. विश्वास ठेवायचा की नाही हे न्यायाधीश ठरवतात. ‘त्यांनी सांगितलेला प्रकार अमुक भागात मी नोंदवलेल्या घटनांशी जुळतो’ हे चालतं. महाराष्ट्रात सामाजिक बहिष्काराविरुद्ध २०१६ चा कायदा आहे हे सांगावं, आणि तालुक्याच्या पोलीस ठाण्यात त्याचं काय होतं हेही, पण आधारासकट. ‘गाव सोडून पुण्यात राहिले तर धोका टळेल ना?’ हा प्रश्न येणारच. पुण्यातल्या नातेवाइकांच्या जाळ्यावर तुमचं काम नसेल तर तसं स्पष्ट लिहा. आपल्या कक्षेबाहेरचा प्रश्न तसा सांगणं हे तज्ज्ञाचं कर्तव्यच आहे, आणि फी कोणी दिली याचा त्याच्याशी संबंध नाही.

(भारतात तज्ज्ञ साक्षीदारांच्या मान्यतेचा असा बाजार दिसत नाही. भारतीय साक्ष अधिनियमाचं कलम ३९ तज्ज्ञाचं मत ग्राह्य धरतं. पण महाराष्ट्रात अनुसूचित जमातीच्या दाव्यांत दावेदाराच्या चालीरीती त्या जमातीशी जुळतात का हे तपासतात पडताळणी समित्या, संशोधन अधिकाऱ्यांच्या मदतीने.)

तेव्हा पहिल्या अहवालाआधी उलटतपासणीचा सराव. वर्षाला पाच-सहा कामं येऊ लागली तर अकॅडमी किंवा इन्स्टिट्यूट. आपल्या विषयातलं सभासदत्व तर बहुतेकांकडे असतंच. आणि एक चौकशी या सगळ्याच्या आधी करा. २०११ च्या ‘जोन्स विरुद्ध केनी’ निकालापासून निष्काळजीपणाबद्दल अशिलाला स्वतःच्या तज्ज्ञावर दावा लावता येतो. विद्यापीठाचा विमा अशा खासगी कामाला लागू आहे का, हे लेखी विचारून घ्या.