झीरो पीसीबीवरचा घरगुती बोर्ड आणि त्याच्या सहा पिना : कांदा चाळीतील सात महिन्यांचा अनुभव

निफाड तालुक्यातील मामांच्या कांदा चाळीत तापमान आणि आर्द्रता दर तासाला नोंदवणारे तीन बोर्ड मी मार्चमध्ये झीरो पीसीबीवर (नुसती भोके असलेल्या, जोडण्या स्वतः सोल्डर करायच्या पाटीवर) हाताने बनवले. एप्रिलच्या अखेरीस चाळ भरली तेव्हा ते बसवले आणि आता चाळ रिकामी होत आली आहे. या सात महिन्यांत बोर्डाचे जे काही भलेबुरे झाले, ते बहुतेक प्रोग्रॅम चढवण्यासाठी काढलेल्या सहा पिनांच्या सीरियल (एकामागून एक बिट पाठवणाऱ्या) जोडणीपाशी झाले. म्हणून हा अनुभव मुख्यतः त्या सहा पिनांचा आहे.

आर्डुइनो ऊनो हा प्रोग्रॅम चढवून वापरायचा तयार बोर्ड मिळत असताना हा खटाटोप कशासाठी, असे मामांनीही विचारले होते. चाळीत विजेचा भरवसा नाही, त्यामुळे फवारणी पंपाची १२ व्होल्ट, ८ अँपिअर-तासांची बॅटरी वापरायची होती. ऊनो काही न करताही चाळीस-पन्नास मिलिअँपिअर खातो, कारण यूएसबीची चिप आणि दिवे त्याच्या अंगावर कायम असतात. त्यावर ही बॅटरी जेमतेम आठवडाभर पुरली असती. घरगुती बोर्डावर यूएसबीचा भागच नसतो. लॅपटॉपची यूएसबी चिपच्या सीरियल पिनांना जोडणारा यूएसबी-टीटीएल अडॅप्टर माझ्या पिशवीत राहतो आणि एकच अडॅप्टर तिन्ही बोर्डांना पुरतो. मात्र हा बोर्ड स्वस्त पडेल या समजुतीने कोणी करू नये. सुटी चिप, क्रिस्टल, सॉकेट आणि सेन्सर धरून फारशी बचत होत नाही.

मूळ जोडणी थोडकी आहे. एटीमेगा३२८पी या बोर्डाच्या मुख्य चिपच्या ७ आणि २० क्रमांकाच्या पिनांना ५ व्होल्ट, ८ आणि २२ ला ग्राउंड, ९ आणि १० च्या मध्ये चिपला ठेका देणारा १६ मेगाहर्ट्झचा क्रिस्टल, त्याच्या दोन्ही बाजूंना २२ पिकोफॅरडचे कपॅसिटर, आणि पहिल्या म्हणजे रीसेटच्या (चिप नव्याने सुरू करणाऱ्या) पिनेपासून ५ व्होल्टला १० किलोओहमचा रेझिस्टर. पहिल्या बोर्डात मी २० क्रमांकाची पिन, अॅनालॉग भाग वापरायचा नाही म्हणून, मोकळी सोडली होती. बोर्ड कधी चाले, कधी मध्येच थांबे, आणि दोन रात्री मी प्रोग्रॅममध्ये चूक शोधत बसलो. ती पिन जोडणे आवश्यकच आहे, आणि ५ व्होल्टच्या दोन्ही पिनांशेजारी १०४ क्रमांकाचा (०.१ मायक्रोफॅरडचा) कपॅसिटरही हवा. कोरी चिप कारखान्यातून १ मेगाहर्ट्झवर चालणारी येते, म्हणून ऊनोच्या साहाय्याने तिच्यात एकदा बूटलोडर, म्हणजे सीरियलवरून प्रोग्रॅम स्वीकारणारा छोटा प्रोग्रॅम, टाकावा लागला. पुण्याच्या तपकीर गल्लीतील एका दुकानातून आणलेल्या तीन चिपांपैकी एक ३२८पी नसून नुसती ३२८ निघाली आणि चिपच्या आतला ओळख-क्रमांक जुळेना. चिप घेताना ३२८ नंतर ‘पी’ आहे का, हे भिंगाखाली वाचून घ्यावे.

आता सीरियल जोडणी. अडॅप्टरची टीएक्स (पाठवणारी पिन) चिपच्या २ क्रमांकाच्या, म्हणजे ऐकणाऱ्या, पिनेला आणि आरएक्स (ऐकणारी पिन) ३ क्रमांकाच्या, म्हणजे पाठवणाऱ्या, पिनेला जाते, हे उलटसुलट नाते बहुतेकांना ठाऊक असते. खरी नजर हवी ती डीटीआरच्या तारेवर, जी लॅपटॉपने सीरियल पोर्ट उघडला की खाली, शून्य व्होल्टला जाते. ही तार रीसेटच्या पिनेला थेट जोडली, तर पोर्ट उघडा असेपर्यंत चिप रीसेटमध्येच अडकून पडते. मध्ये १०४ चा कपॅसिटर घातला की पोर्ट उघडताच रीसेटला क्षणभर धक्का बसतो, सुमारे मिलिसेकंदात पिन पुन्हा वर येते आणि बूटलोडर नवा प्रोग्रॅम स्वीकारायला तयार होतो. पोर्ट बंद करताना मात्र हाच कपॅसिटर पिनेला ५ व्होल्टच्या वर ढकलतो, आणि या पिनेला इतर पिनांसारखे वरच्या बाजूचे अंगभूत संरक्षण नाही. म्हणून रीसेटपासून ५ व्होल्टला एक १एन४१४८ डायोड, पट्टीची बाजू ५ व्होल्टकडे ठेवून, मी तिन्ही बोर्डांवर लावला. माझ्या पहिल्या स्वस्त अडॅप्टरवर डीटीआर नव्हतीच. त्यावरची ‘आरएसटी’ ही पिन अडॅप्टरच्याच चिपला रीसेट करणारी निघाली. अडॅप्टर घेताना ‘डीटीआर’ हीच अक्षरे पाहावीत.

सर्वांत मोठे नुकसान मे महिन्यात झाले. चिपच्या १ किलोबाइट स्थायी स्मृतीत, तासाला दोन बाइट याप्रमाणे, एकवीस दिवसांच्या नोंदी मावतात. तीन आठवड्यांनी लॅपटॉप घेऊन चाळीत गेलो, पोर्ट उघडला, आणि नोंदी कोऱ्या. पोर्ट उघडताच डीटीआरने चिप रीसेट केली होती आणि माझा प्रोग्रॅम सुरू होताना जुन्या नोंदी पुसून पहिल्यापासून लिहू लागत असे. घरी चाचणी घेताना पोर्ट आधीच उघडा असल्याने हे लक्षातच आले नव्हते. चाळ भरल्यानंतरचे पहिले एकवीस दिवस मला सर्वांत जास्त हवे होते आणि ते कायमचे गेले, याची हळहळ अजून आहे. त्यानंतर पुसण्याची आज्ञा काढली आणि डीटीआरच्या तारेत दोन पिनांचा जंपर (तार जोडणारी-तोडणारी काढती टोपी) बसवला. प्रोग्रॅम चढवायचा असेल तेव्हाच तो लावायचा, एरवी काढलेला. नोंदी घेताना ४ क्रमांकाच्या पिनेवरचे बटण दाबले की झोपलेली चिप जागी होते आणि सगळे आकडे पाठवते.

अडॅप्टरची ५ व्होल्टची पिनही मी बोर्डाला जोडलेली नाही, कारण तेथे वीज बॅटरीकडून येते आणि दोन पुरवठे एकमेकांना भिडणे योग्य नाही. तरीही बॅटरी काढलेली असताना बोर्डावरचा दिवा मंद पेटलेला दिसला. टीएक्सच्या तारेतून चिपच्या आत वीज झिरपत होती. टीएक्स आणि आरएक्स या दोन्ही तारांत एकेक किलोओहमचा रेझिस्टर घातल्यावर ते थांबले. पुढे तो दिवाही काढून टाकला आणि स्वतःच दिवसाला सुमारे १२० मिलिअँपिअर-तास खाणाऱ्या ७८०५ या १२ चे ५ व्होल्ट करणाऱ्या रेग्युलेटरच्या जागी, स्वतः फारच कमी वीज खाणारा एचटी७५५० बसवला.

पावसाळ्यात एक बोर्ड पहाटे दमट हवेत बंद पडू लागला. क्रिस्टलच्या सोल्डर केलेल्या जोडांभोवती सोल्डरिंगचा फ्लक्स (सोल्डर नीट धरावे म्हणून लावतात तो राळेसारखा पदार्थ) तपकिरी थरासारखा साचलेला होता. जुन्या टूथब्रशने आयसोप्रोपिल अल्कोहोल लावून तो भाग घासला आणि वर वार्निश दिले. तेव्हापासून तो एकदाही थांबलेला नाही.

पुढच्या हंगामासाठी आणखी दोन बोर्ड करणार आहे. सप्टेंबरमध्ये मामेभावाने अंधारात अडॅप्टर उलटा खोचला होता. ५ व्होल्टची पिन मोकळी आणि तारांत रेझिस्टर असल्यामुळे काही जळले नाही. नव्या बोर्डांवर सहापैकी दुसऱ्या क्रमांकाची, न वापरली जाणारी पिन उपटून टाकून अडॅप्टरच्या कनेक्टरचे त्याच क्रमांकाचे भोक बुजवणार आहे, म्हणजे तो उलटा बसणारच नाही.