जुनं गिऱ्हाईक: पाण्याच्या मशीनची एएमसी, नऊ वर्षं

मार्क आधीच देऊन टाकते. पाणी शुद्ध करायच्या मशीनला पाचपैकी चार. सर्व्हिसला येणाऱ्या पोरांना साडेचार. आणि दर नोव्हेंबरला एएमसी, म्हणजे वर्षभराच्या देखभालीचं कंत्राट, रिन्यू करून घेणाऱ्या कंपनीला एक. तो एक मार्कसुद्धा रिन्युअलचा फोन वेळेवर येतो म्हणून. नऊ वर्षांत त्या एका कामात कधी खंड पडला नाही.

कंपनीचं नाव लिहीत नाही. आमच्या बिल्डिंगमध्ये तीन वेगवेगळ्या कंपन्यांची मशीनं आहेत आणि तिघींची रड सारखीच आहे.

मी शाळेच्या ऑफिसात एकतीस वर्षं हिशेब लिहिले. रिटायर झाले तरी वही सुटली नाही. घरात गॅस, वीज, पेपर, दूध, इस्त्री सगळं तारीखवार आहे. तरी नऊ वर्षांत मी पाण्याच्या मशीनचं पान उलटं चाळून बघितलं नव्हतं. दर नोव्हेंबरला खाली एक ओळ वाढवायची, पावती टाचायची, वही मिटायची.

२०१४ च्या दिवाळीत मशीन घेतलं, १४,५०० रुपयांना. पहिलं वर्ष वॉरंटीत गेलं. मग २०१५ ला एएमसी २,९५०. पुढच्या वर्षी ३,२००. २०१७ च्या जुलैत सर्व्हिस टॅक्स जाऊन जीएसटी आला, १५ चे १८ टक्के झाले, त्याचं निमित्त करून ३,५४०. कर तीन टक्के वाढला आणि बिल दहा टक्क्यांच्या वर वाढलं, हे मला तेव्हा दिसलं नाही. हिशेबनीस बाई म्हणवते स्वतःला! पुढे ३,८९०, मग ४,१५०. लॉकडाऊनच्या वर्षात मार्च ते सप्टेंबर कोणी फिरकलं नाही, त्याबद्दल कंपनीने उदार होऊन महिनाभराची मुदत वाढवून दिली आणि नोव्हेंबरला पुन्हा ४,१५० घेतले. मग ४,७००, ५,४००, आणि २०२३ ला ६,१९९. बेरीज ३८,१७९. साडेचौदा हजारांच्या मशीनच्या देखभालीला अडीच मशीनं गेली.

रक्कम वाढत होती तसं कंत्राट आतून आटत होतं, ते आणखी वेगळंच. सुरुवातीला वर्षाला तीन सर्व्हिस, मेंब्रेनसकट (क्षार अडवणारा आतला पडदा) सगळे पार्ट. मग सर्व्हिस दोन झाल्या. मग मेंब्रेन ‘दोन वर्षांतून एकदा’. मग एकदा पंप गेला तेव्हा कळलं की इलेक्ट्रिकल पार्टवाली एएमसी वेगळी असते, माझी ती नव्हे. नाव मात्र दरवर्षी वाढत गेलं. साधी एएमसी होती ती गोल्ड झाली, मग प्लॅटिनम.

२०२४ च्या नोव्हेंबरात फोन आला. “मॅडम, तुम्ही आमच्या व्हॅल्यूड कस्टमर आहात, यंदा फक्त ६,९९९.” मी नेहमीप्रमाणे हो म्हणणार होते, पण नेमक्या तिसऱ्या मजल्यावरच्या वहिनी विरजण मागायला दारात उभ्या होत्या. आमचं आणि त्यांचं मशीन एकाच दुकानातून, एकाच दिवाळीत घेतलेलं. फोन ठेवल्यावर त्या म्हणाल्या, “अहो, सहा हजार नऊशे? मी परवाच ४,२९९ ला केली.”

कशी? तर त्यांची मुदत ऑगस्टमध्येच संपली होती. लेकीच्या बाळंतपणाला त्या दोन महिने नाशिकला, फोन उचलले नाहीत. पहिला फोन ६,९९९ चा असणार. नंतर ५,४९९ चा मेसेज. मग ४,२९९ आणि वर एक सर्व्हिस फुकट. म्हणजे मशीन तेच, कंपनी तीच, महिना तोच. त्यांनी तीन महिने थकवलं म्हणून त्यांना २,७०० रुपये स्वस्त, आणि मी नऊ वर्षांत एकदाही तारीख चुकवली नाही म्हणून मला महाग.

इथे मला आमच्या भाजीवालीची आठवण झाली. डोंबिवलीत फडके रोडच्या आतल्या गल्लीत बसते, पंचवीस वर्षं तिच्याकडून घेते. ती नव्या बाईला कोथिंबीर वीस सांगते आणि माझ्या पिशवीत कढीपत्ता, दोन मिरच्या वरून टाकते. इस्त्रीवाला भाडेकरूंना कपड्याला दहा लावतो, आम्हाला अजून आठ. “जुनं गिऱ्हाईक आहे” हे वाक्य आपण आयुष्यभर भाव कमी करून घेण्यासाठी वापरलं. कंपनीच्या कॉम्प्युटरमध्येही ते वाक्य आहे, पण त्याचा अर्थ तिथे उलटा लागतो: ही बाई जात नाही, हिला लावा. मराठीत ‘एखाद्याचं गिऱ्हाईक करणं’ म्हणजे काय ते सांगायला नको. नऊ वर्षं माझं रीतसर, पावतीसकट गिऱ्हाईक झालं.

मी फोन करून विचारलं. खालच्या वहिनींना ४,२९९ आणि मला ६,९९९ का? मुलगा गोड बोलत होता. “मॅडम, ती विन-बॅक ऑफर आहे. तुम्ही तर आमच्यासोबतच आहात ना?” आता यावर काय बोलणार? मी एवढंच म्हटलं की मग मीही जाते आणि परत येते. तो खरोखर म्हणाला, “चालेल मॅडम, नव्वद दिवसांनी सिस्टीममध्ये येईल.”

गेले, पण परत गेले नाही. कारण मधल्या काळात दुसरीच गोष्ट कळली.

आमच्याकडे पाच-सहा वर्षं सर्व्हिसला येणारा एक बदलापूरचा पोरगा कंपनी सोडून स्वतःचं काम करायला लागला होता. त्याला बोलावलं. त्याने मशीन उघडायच्या आधी खिशातून पेनएवढा टीडीएस मीटर, म्हणजे पाण्यात विरघळलेले क्षार मोजणारा, काढला, किचनच्या नळाचं पाणी वाटीत घेतलं आणि मीटर बुडवला. ८४. मग मशीनचं पाणी दुसऱ्या वाटीत. ११. “काकू, खरं सांगू का? तुमच्या पाण्याला आरओ, म्हणजे क्षार गाळून काढणं, लागतच नाही. कंपनीत असताना बोलता यायचं नाही.”

मी डोंबिवली पूर्वेला एमआयडीसीच्या निवासी भागात राहते. आमच्या नळाला बारवी धरणाचं पाणी. नदी-धरणाच्या पाण्यात विरघळलेले क्षार मुळातच कमी असतात. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकात हा आकडा लिटरला ५०० मिलिग्रॅमपर्यंत चांगला धरला आहे आणि दुसरा स्रोतच नसेल तर २००० पर्यंत चालवून घेतात. आरओचं मेंब्रेन आहे ते बोअरवेलच्या खाऱ्या, जड पाण्यासाठी. २०१९ च्या मे महिन्यात राष्ट्रीय हरित लवादाने तर जिथे हा आकडा ५०० च्या आत आहे तिथे आरओवर बंदी आणा, असे निर्देशच पर्यावरण मंत्रालयाला दिले होते. पेपरात तेव्हा आलं होतं. मी वाचलंही असेन. त्याच वर्षी ४,१५० भरलेत, वहीत आहे.

म्हणजे ८४ चे ११ करायला मी नऊ वर्षं पैसे भरले, आणि वर एक पेला गोड पाण्यामागे अडीच-तीन पेले नळीतून सोडून दिले. हे सोडलेलं पाणी मी बादलीत धरून लादी पुसायला वापरायचे आणि स्वतःला फार काटकसरी समजायचे.

मीटर जंतूंबद्दल काही सांगत नाही, हेही त्याच पोराने सांगितलं, आणि ते महत्त्वाचं आहे. बिल्डिंगची टाकी, एकाआड एक दिवस कमी दाबाने येणारं पाणी, पावसाळ्यातला गढूळपणा, यांच्यासाठी काहीतरी हवंच. त्याच्या सल्ल्याने आरओ काढून साधं यूव्हीचं, किरणांनी जंतू मारणारं मशीन बसवलं, ७,२०० रुपयांना. एएमसी नाही. काही झालं की फोन करायचा, येण्याचे ३०० आणि पार्टचे वेगळे.

वर्षभराचा अनुभव लिहिते, कारण एएमसी सोडा आणि सुखी व्हा असं काही नाही. पहिल्या वर्षी दोन फेऱ्या, कँडल, नळी धरून १,१५० रुपये झाले. त्यातली एक फेरी त्याच्याच चुकीमुळे. बसवलेला जोड सैल राहिला, पहाटे साडेपाचला उठले तर ओट्यावरून पाणी खाली, खालच्या कपाटातला ज्वारीच्या पिठाचा डबा ओला. कंपनी असती तर तक्रार नंबर मिळाला असता. इथे मी त्याला सातला फोन केला, तो साडेआठला आला, जोड बदलला, पैसे घेतले नाहीत आणि मी दिलेला चहा न पिता खाली मान घालून गेला. पीठ गेलं ते गेलंच. तर त्या पोराला साडेचार, अर्धा पिठाचा कापला.

एकदा वही उलटी चाळायची सवय लागली की थांबत नाही. मग इंटरनेटचं पान काढलं. २०१७ पासून तीच कंपनी, १०० एमबीपीएस, ७९९ अधिक कर म्हणजे ९४३. त्याच कंपनीचा फलक आमच्याच गेटवर लागलेला: १५० एमबीपीएस, ५९९, जोडणी फुकट. विचारलं तर ‘ती ऑफर नवीन कस्टमरसाठी’. लेक बंगलोरहून म्हणाला, “आई, भाव करू नकोस. फक्त ‘कनेक्शन बंद करायचंय’ एवढं म्हण आणि गप्प बस.” गप्प बसणं मला जमत नाही, पण बसले. चार मिनिटं गाणं ऐकवलं, मग एक बाई आली, आधीच्या मुलाच्या हिंदीपेक्षा हिचं मराठी एकदम घरगुती. ५९९ चा प्लॅन त्याच क्षणी लागला. महिन्याला २३६ वाचले. मला आनंद व्हायला हवा होता. मी डोक्यात मागच्या महिन्यांचा गुणाकार करत बसले.

मोबाईलचं त्यातल्या त्यात बरं. २०११ च्या जानेवारीपासून देशभर नंबर तोच ठेवून कंपनी बदलता येते, १९०० वर एका मेसेजने सुरुवात होते, त्यामुळे तिथे ते जरा जपून असतात. गाडीच्या विम्याचा नो क्लेम बोनसही आपला असतो, कंपनीचा नाही. पाच वर्षं क्लेम नसेल तर ५० टक्के सूट दुसऱ्या कंपनीत घेऊन जाता येते. यांना हे माहीत नव्हतं, एजंटने सांगितलं नव्हतं.

मेडिक्लेम मात्र मी बदलला नाही, आणि मुद्दाम सांगते का. पोर्ट करता, म्हणजे पॉलिसी दुसऱ्या कंपनीत नेता येते २०११ पासूनच. रिन्युअलच्या पुरेसं आधी अर्ज करायचा आणि जुन्या आजारांसाठी काढलेली प्रतीक्षेची वर्षं सोबत येतात. पण नव्या कंपनीवर आपल्याला घ्यायची सक्ती नाही. यांना शुगर, मला बीपी, दोघंही साठीच्या पुढे. इथे जुनं असण्याला किंमत आहे. सलग पाच वर्षं झाल्यावर फसवणूक सोडून दुसऱ्या कारणाने ‘तुम्ही आजार लपवला होता’ म्हणत क्लेम नाकारता येत नाही. तो हप्ताही वाढतोच, पण तिथे मी मुकाट्याने भरते. २२ सप्टेंबर २०२५ पासून त्यावरचा १८ टक्के जीएसटी गेला, तेवढंच.

भाची इंग्लंडात असते, तिला हे सगळं व्हिडिओ कॉलवर ऐकवलं. ती म्हणाली, तिकडे गाडीच्या आणि घराच्या विम्यात जुन्या ग्राहकाला नव्यापेक्षा जास्त हप्ता लावायला १ जानेवारी २०२२ पासून बंदीच आहे. मी विचारलं, पाण्याच्या मशीनला? ती म्हणाली, मावशी, इथे आम्ही नळाचंच पितो.

कंपनीचे फोन अजून येतात. नव्वद दिवसांनी ४,२९९ ची ऑफर आली होती, मागच्या महिन्यात ३,४९९ ची, ‘वेलकम बॅक’ म्हणून. मशीन आता घरात नाही हे चारदा सांगितलं. जुनं मशीन भंगारवाल्याने ३५० ला नेलं, पितळी जोड आणि पंप आधी त्या पोराने काढून घेतले.

टीडीएस मीटर मी स्वतःच एक घेऊन ठेवला, दोनशे रुपयांना. तो माझ्याकडे राहत नाही. तिसऱ्या मजल्यावरून चौथ्यावर गेला, तिथून शेजारच्या विंगमध्ये. काल वहिनी विरजणाची वाटी परत करायला आल्या तेव्हा सांगून गेल्या, “आमचा ८६ आला. तुमच्यापेक्षा दोन जास्त!”