जमाखर्चाची वही आणि भिंतीवरची कालरेषा: दहा महिन्यांच्या वापरानंतर

मी सोळा वर्षांची आहे आणि घरीच शिकते. कोणता विषय कोणत्या विषयाला लागून ठेवायचा हे आम्ही घरीच ठरवतो. दहा महिन्यांपूर्वी मंगळवार आणि गुरुवारच्या सकाळी दोन विषय एकापाठोपाठ आले: वैयक्तिक अर्थनियोजन आणि इतिहास. त्यामागे काही विचार नव्हता. बाकीच्या विषयांची सोय लावून झाली आणि हे दोन उरले, एवढंच. आज मात्र मला ते वेगळे करता येणार नाहीत, म्हणून हा अनुभव सविस्तर लिहिते आहे.

साहित्य थोडकंच. एक लांबट रेघी वही, डाव्या पानावर जमा, उजव्या पानावर खर्च. अर्थनियोजनाची एक ध्वनिचित्रित व्याख्यानमाला. वाचनालयातून आणलेली इतिहासाची पुस्तकं. आणि कागदाची एक लांब पट्टी, खोलीच्या चारही भिंतींवरून फिरवलेली, एका शतकाला एक वीत या मापाने.

पहिले दोन महिने कंटाळवाणे गेले. व्याख्यानांत चक्रवाढ व्याजाची कोष्टकं होती, पुस्तकांत राजांची नावं. दोन्ही पाठ होत होतं आणि दोन्ही विसरत होतं. वही तेवढी मी नेमाने लिहीत होते, कारण आईने एकच अट घातली होती: रोज रात्री हातातली शिल्लक आणि वहीतली शिल्लक जुळली पाहिजे.

एका रात्री ती जुळली नाही. हातात २७ कमी. मी सगळ्या बेरजा पुन्हा केल्या, दप्तर उलटं केलं, धाकट्या भावाला विचारलं. तासभर गेला. मग व्याख्यानात ओझरतं ऐकलेलं आठवलं: फरकाला ९ ने पूर्ण भाग जात असेल तर आधी आकड्यांची अदलाबदल झाली आहे का ते बघावं. २७ ला जातो. उजव्या पानावर बोट ठेवून खाली आले आणि चौथ्या ओळीत सापडलं: ८५ खर्च केले होते, लिहिले होते ५८. ताळा जुळला तेव्हा इतका आनंद झाला की मी आईला उठवून सांगितलं.

त्याच आठवड्यात वाचनालयातल्या पुस्तकात उरुकच्या मातीच्या पाटीचं चित्र पाहिलं. मेसोपोटेमियातलं हे शहर. इसवी सनापूर्वी ३२०० च्या सुमाराच्या तिथल्या पाट्या म्हणजे माणसाच्या सगळ्यात जुन्या लिखाणांपैकी. आणि त्यातल्या बहुतेकांवर आहे तो हिशोब: जव किती, मेंढ्या किती, कुणाला किती दिलं. पट्टीचं पहिलं टोक मी तिथे लावलं होतं, पण तोवर ती माझ्यासाठी फक्त एक तारीख होती. त्या दिवशी वाटलं, पाच हजार वर्षांपूर्वी कुणीतरी संध्याकाळी माझ्यासारखंच बसून जुळवत होतं. ज्याने जव मोजून दिले त्याला ते विसरायचे नव्हते. लिहिण्याची गरज तिथून आली. तोवर मी इतिहास वाचत होते तो जिंकणाऱ्यांचा. त्या पाटीनंतर मी देणारे, घेणारे आणि मोजणारे शोधू लागले, आणि ते जवळजवळ प्रत्येक पानावर सापडले.

सगळ्यात जास्त शिकवलं हम्मुराबीने. इसवी सनापूर्वी अठराव्या शतकातला हा बॅबिलोनचा राजा. त्याच्या कायद्यांत धान्याच्या कर्जाला एक-तृतीयांश आणि चांदीच्या कर्जाला एक-पंचमांश व्याज धरलं आहे. दर बघून मी चकित झाले, पण थांबले ते ४८ व्या कलमाशी. वादळाने शेत बुडालं किंवा पाण्याअभावी पीक आलंच नाही, तर कर्जदाराने त्या वर्षी धान्य द्यायचं नाही, कराराची पाटी पाण्याने ओली करून बदलून घ्यायची आणि त्या वर्षाचं व्याजही द्यायचं नाही.

हे वाचलं तेव्हा माझ्याकडे एक करार होता. भावाची सायकल मोडली होती आणि दुरुस्तीसाठी त्याने माझ्याकडून उसने घेतले होते. नुकतंच व्याज शिकल्यामुळे मी रीतसर कागद केला होता: तीन हप्ते, व्याज इतकं, उशीर झाला तर दंड इतका. शेजाऱ्यांचा कुत्रा फिरवून तो पैसे मिळवायचा. शेजारी महिनाभर बाहेर गेले, त्याची कमाई थांबली, आणि माझ्या कागदाप्रमाणे त्याच्यावर दंड चढत होता. त्याने एकदाही तक्रार केली नाही, याचं मला आजही वाईट वाटतं. मी कागद काढला, त्या महिन्याचं व्याज आणि दंड खोडला आणि खाली एक ओळ घातली: कमाई थांबली तर हप्ता पुढे जाईल, व्याज चढणार नाही. दोघांनी सही केली.

व्याख्यानमालेत कर्जावर चार भाग आहेत. दर, मुदत, हप्ता, मुद्दल आणि व्याजाचं प्रमाण, सगळं नीट समजावलं आहे. कमाई थांबली तर काय, हा प्रश्न चारही भागांत येत नाही. आता कुठल्याही कर्जाचा कागद हाती आला तर मी दराच्या आधी ते कलम शोधेन.

दुसरी मोठी पोकळी महागाईची. कोष्टकात ८ टक्क्यांनी पैसे नऊ वर्षांत दुप्पट होतात असं दिसतं. ७२ ला दराने भागायचं, वर्षं मिळतात. (हा ७२ चा नियम लुका पाचोली या इटालियन गणितज्ञाच्या ग्रंथात आहे, १४९४ साली व्हेनिसमध्ये छापलेल्या, आणि दुहेरी नोंदीची, म्हणजे प्रत्येक व्यवहार दोन बाजूंनी लिहायची, पद्धतही त्यातच मांडली आहे. पद्धत व्यापाऱ्यांची, आधीपासून वापरातली. त्याने ती नीट लिहून काढली. माझी लांबट वही आणि माझं कोष्टक एकाच पुस्तकात शेजारी बसलेले बघून फार बरं वाटलं.) मी ते गणित आईला दाखवलं. तिने विचारलं, "दुप्पट काय होणार गं? आकडा की त्यात येणाऱ्या वस्तू?"

मला उत्तर देता आलं नाही. मग पुन्हा मांडलं. व्याज ८ टक्के, महागाई ६ टक्के. १.०८ ला १.०६ ने भागलं की उरते १.०१८९, म्हणजे खरी वाढ दोन टक्क्यांच्याही आत. दुप्पट वस्तू यायला नऊ वर्षं पुरणार नाहीत, सदतीस-अडतीस लागतील. ते पान मी अजून जपून ठेवलं आहे.

त्या गुरुवारी जर्मनी वाचला. १९१४ च्या जुलैमध्ये एका अमेरिकी डॉलरला सुमारे ४.२ मार्क पडत. १९२३ च्या नोव्हेंबरमध्ये ४.२ लाख कोटी. ४ आणि २ तेच, मागे अकरा शून्यं. मी ती शून्यं पट्टीवर काढायला घेतली आणि १९१४ ते १९२३ एवढ्या जागेत ती मावेनात. मजुरी हातात आली की किमती पुन्हा वाढायच्या आत लोक खरेदीला धावत. १५ नोव्हेंबरला रेंटेनमार्क हे नवं चलन आलं, जुन्या एक लाख कोटी मार्कांना एक. आकडे समजले, पण मी अडकले ते वेगळ्याच गोष्टीत. ज्यांनी आयुष्यभर नेमाने साठवलं ते बुडाले आणि ज्यांच्या डोक्यावर मार्कांतलं कर्ज होतं ते सुटले. व्याख्यानातला प्रत्येक उपदेश पाळणाऱ्याचं नुकसान झालं होतं. त्यामुळे मी साठवणं सोडलं नाही. पण साठवलेलं कशात ठेवलं आहे हा प्रश्न किती ठेवलं याच्या बरोबरीचा आहे, हे तेव्हा पटलं.

"लांब पल्ल्यात बाजार वर जातो" हे वाक्य व्याख्यानांत वारंवार येतं. किती लांब? अमेरिकेच्या शेअर बाजाराचा डाऊ जोन्स निर्देशांक ३ सप्टेंबर १९२९ ला ३८१ वर होता. ८ जुलै १९३२ ला ४१ वर आला. पुन्हा ३८१ ओलांडायला १९५४ चा नोव्हेंबर उजाडला. पट्टीवर मोजलं: माझं आजवरचं सगळं आयुष्य दोन बोटांचं होतं आणि ही वाट बघणं तीन बोटांचं. लाभांश धरला आणि मंदीत वस्तूही स्वस्त झाल्या होत्या हे लक्षात घेतलं तर वाट इतकी लांब राहत नाही, हेही नंतर कळलं. पण ते पंचवीस वर्षांचं अंतर मोजताना जे जाणवलं, ते अडीअडचणीचा पैसा वेगळा ठेवा असं दहा वेळा ऐकून जाणवलं नव्हतं.

न्यूटनची गोष्ट थोडक्यात सांगते, ती अनेकांना माहीत असते. १७२० साली साउथ सी कंपनीच्या समभागांत त्याला आधी चांगला नफा झाला, त्याने ते विकले. भाव चढतच राहिले म्हणून पुन्हा शिरला आणि मोठा तोटा खाल्ला. स्पेनचीही तशीच: १५४५ पासून दक्षिण अमेरिकेतला पोटोसीचा चांदीचा डोंगर हाताशी, तरी दुसऱ्या फिलिपच्या राज्यात १५५७, १५७५ आणि १५९६ साली देणी थकली. मिळकत मोठी आहे म्हणून खर्चाची बाजू लिहायची टाळू नये, यासाठी मला हे उदाहरण पुरलं.

आता या पद्धतीतलं सगळ्यात अवघड. सहाव्या महिन्यापर्यंत मला सगळा इतिहास हिशोबात दिसू लागला होता आणि त्याचा मला अभिमान वाटत होता. मग झाँग जहाजाबद्दल वाचलं. १७८१ साली या जहाजावरून १३० हून अधिक गुलाम आफ्रिकी माणसांना समुद्रात फेकलं गेलं आणि मालकांनी त्यांच्यासाठी विम्याची भरपाई मागितली. १७८३ मध्ये इंग्लंडच्या न्यायालयात वाद चालला तो विमा देणाऱ्यांनी पैसे द्यायचे की नाही याचा. खुनाचा खटला कुणावरही झाला नाही. कुणाच्या तरी वहीत ती माणसं मालाच्या रकान्यात होती. मी आठवडाभर हिशोबाच्या नजरेने काहीच वाचू शकले नाही. आईशी पुष्कळ बोलले. तेव्हापासून पट्टीवर दोन रंग आहेत: निळ्याने वहीत काय लिहिलं होतं ते, आणि तांबड्याने वहीत कोण माणूस म्हणून लिहिलं गेलं नाही ते. तांबड्याच्या नोंदी शोधायला जास्त वेळ लागतो, कारण ज्यांच्याबद्दल त्या आहेत त्यांच्या स्वतःच्या हातचं लिखाण फारच थोडं उरलं आहे.

आणखी काही त्रुटी. व्याख्यानमालेचा पहिला महिना मोफत होता; नंतर वर्गणी आपोआप कापली जाईल हे बारीक अक्षरांत होतं आणि आमच्या लक्षात आलं नाही. खर्चाच्या पानावर पहिल्या तीन महिन्यांत "इतर" हा रकाना सगळ्यात मोठा झाला होता, म्हणजे पैसा कुठे गेला हे वही मला सांगतच नव्हती. तो रकाना मी काढून टाकला. आता प्रत्येक खर्चाला नाव द्यावंच लागतं. आणि घरी शिकताना वाद घालायला वर्गमित्र नसतात, ही उणीव खरी आहे. माझं मत चुकीचं असेल तर ते महिनाभर तसंच राहू शकतं. शनिवारी आई मुद्दाम उलट बाजू घेऊन बसते, त्याने बरंचसं भागतं, सगळं नाही.

कुणाला हे करून बघायचं असेल तर व्याख्यानमाला विकत घेण्याआधी महिनाभर नुसती वही लिहा. रोज दहा मिनिटं पुरतात, पण रोजची. आठवड्याचं एकदम लिहायला बसलात तर आठवत नाही आणि मग अंदाजाने आकडे भरले जातात. पट्टी मात्र पहिल्याच दिवशी लावा, रिकामी असली तरी चालेल.

माझी पहिली वही गेल्या आठवड्यात भरली. नव्या वहीच्या पहिल्या ओळीत तिची अखेरची शिल्लक आरंभीची शिल्लक म्हणून उतरवली आहे. भावाचा शेवटचा हप्ता पुढच्या महिन्यात येईल. पट्टीवर दहाव्या-अकराव्या शतकातला चीनचा सिचुआन प्रांत अजून कोरा आहे. तिथली लोखंडी नाणी वागवायला इतकी जड होती की व्यापाऱ्यांनी ती ठेवून घेऊन कागदी पावत्या द्यायला सुरुवात केली, आणि त्याच पुढे हातोहात चलन म्हणून फिरू लागल्या. मंगळवारी तिथून सुरुवात करणार आहे.