राजघराण्याचे लग्न घरबसल्या पाहायचे तर कोणते? १९८१, २०११ की २०१८

ब्रिटिश राजघराण्याविषयी विशेष आस्था नाही, पण त्यांचे एखादे लग्न सुरुवातीपासून शेवटपर्यंत पाहावे अशी इच्छा आहे आणि हाताशी एकच रिकामी दुपार आहे, अशा प्रेक्षकासमोर प्रामुख्याने तीन पर्याय असतात: चार्ल्स आणि डायना यांचे २९ जुलै १९८१ चे लग्न, विल्यम आणि केट मिडलटन यांचे २९ एप्रिल २०११ चे आणि हॅरी आणि मेगन मार्कल यांचे १९ मे २०१८ चे. माझ्या मते एकच लग्न संपूर्ण पाहायचे असेल तर २०११ चे पाहावे, जेमतेम तासभर मिळणार असेल तर २०१८ चे निवडावे आणि १९८१ चे मात्र निवडक भागांपुरतेच ठेवावे.

१९८१ चे लग्न तिन्हींत सर्वाधिक गाजलेले. जगभरातील सुमारे ७५ कोटी लोकांनी ते दूरचित्रवाणीवर पाहिल्याचा अंदाज आहे. सेंट पॉल्स कॅथेड्रलच्या पायऱ्यांशी डायना बग्गीतून उतरते तेव्हा तिच्या रेशमी झग्याला पडलेल्या चुण्या स्पष्ट दिसतात आणि मागे लोळणारा त्याचा २५ फुटी घोळ करवल्या सावरू लागतात. पक्षाघातातून उठलेल्या वडिलांसोबत ती संथपणे वेदीपर्यंत जाते, आणि शपथ घेताना ‘चार्ल्स फिलिप’ऐवजी ‘फिलिप चार्ल्स’ म्हणून जाते. हे प्रसंग जरूर पाहावेत. सलग पाहताना मात्र मिरवणुकीचा भाग लांबतो, जुने चित्रण डोळ्यांना थकवते, आणि पुढे १९९६ मध्ये झालेला घटस्फोट ठाऊक असल्याने परीकथेचा दाखला देणारे आर्चबिशप रन्सी यांचे प्रवचन आज निर्मळ मनाने ऐकता येत नाही.

खरी निवड उरलेल्या दोन लग्नांमध्येच करावी लागते. २०११ चा विधी वेस्टमिन्स्टर ॲबीत सुमारे १,९०० निमंत्रितांसमोर झाला आणि तो साधारण सव्वा तास चालला. ॲबीच्या मध्यभागी दोन्ही बाजूंना कुंड्यांतून खरी झाडे उभी केली होती, त्यामुळे उंच दगडी कमानींखाली हिरवी वाट तयार झाली होती. सातव्या एडवर्डच्या १९०२ च्या राज्याभिषेकासाठी संगीतकार पॅरी यांनी रचलेले समूहगान सुरू असताना वधू त्या वाटेने चालत येते, आणि भव्यतेची हौस असलेल्या प्रेक्षकाला तेवढ्यानेच भरून पावल्यासारखे वाटावे. विधी पाठ्यपुस्तकात शोभावा इतका शिस्तशीर आहे. अंगठी केटच्या बोटात सहजी जात नाही आणि विल्यमला ती जरा जोर लावून सरकवावी लागते, एवढाच काय तो अडथळा. त्यानंतर बकिंगहॅम पॅलेसच्या सज्जातील दोन चुंबने आणि दुसऱ्या महायुद्धातील विमानांची सलामी येते. राजेशाही लग्नाकडून सामान्य माणूस जे जे अपेक्षितो ते सारे येथे क्रमाने मिळते, म्हणून पहिल्यांदा पाहणाऱ्याने हेच निवडावे.

विंडसर किल्ल्यातील सेंट जॉर्जेस चॅपेलमध्ये २०१८ साली झालेले लग्न तुलनेने आटोपशीर: ६०० निमंत्रित, तासाभराचा विधी आणि पॅलेसचा सज्जा नाही. येथे पाहण्यासारखी आहेत ती माणसे. वडील प्रकृतीच्या कारणाने येऊ न शकल्यामुळे मेगन चॅपेलमध्ये एकटी प्रवेश करते आणि अर्ध्या वाटेवर चार्ल्स तिच्या सोबतीला येतात. अमेरिकी बिशप मायकल करी यांचे प्रवचन सुमारे चौदा मिनिटे चालते. मार्टिन ल्यूथर किंग यांच्या दाखल्याने ते सुरू होते आणि हातवाऱ्यांसह असे रंगते की कॅमेरा समोरच्या बाकांवर वळला की काही शाही चेहऱ्यांवरचा गोंधळ लपत नाही. २०११ च्या संयत प्रवचनात असा एकही क्षण नाही. किंगडम क्वायर या गायकवृंदाचे गॉस्पेल, म्हणजे कृष्णवर्णीयांच्या चर्चपरंपरेतील भक्तिगीतांचे गायन आणि एकोणीस वर्षांच्या शेकू कॅने-मेसनचे चेलोवादन हे प्रकार अशा लग्नांत नवे होते. पोशाख पाहणाऱ्यांनी मेगनच्या पाच मीटर लांब ओढणीच्या कडेचे भरतकाम निरखावे. त्यात राष्ट्रकुलातील तेव्हाच्या ५३ देशांची फुले असून भारताचे कमळही आहे. आहेराऐवजी ज्या सात संस्थांना देणगी द्यावी असे या जोडप्याने सुचवले होते, त्यांत मुंबईतील मैना महिला फाउंडेशनचा समावेश होता.

मुंबईचा विषय निघालाच आहे, तर चार्ल्स आणि कॅमिला यांच्या २००५ च्या लग्नाला डबेवाल्यांच्या दोन प्रतिनिधींना निमंत्रण होते आणि ते विंडसरला गेलेही होते, म्हणून ते लग्न पाहण्याचा मोह मराठी प्रेक्षकाला होऊ शकतो. तो आवरलेला बरा, कारण विवाह विंडसरच्या गिल्डहॉलमध्ये नोंदणी पद्धतीने, कॅमेऱ्यांविना झाला आणि प्रक्षेपित झाली ती केवळ नंतरची आशीर्वादाची प्रार्थना.

कोणतेही निवडले तरी पाहुण्यांच्या आगमनाचा भाग निःशंकपणे वगळावा, कारण टोप्यांची चर्चा आणि निवेदकांची वेळ भरून काढण्याची धडपड यापलीकडे त्यात फारसे काही नसते. २०११ चे चित्रण वधू गोरिंग हॉटेलमधून मोटारीने निघते तेथून लावावे आणि सज्जातील सलामीपर्यंत पाहावे. २०१८ चे चित्रण मेगन चॅपेलच्या पायऱ्या चढते तेथून सुरू करावे आणि त्यातील विंडसरच्या रस्त्यांवरची उघड्या बग्गीची फेरी वेळ उरला तरच पाहावी.