नाशिकची कायदेविषयक शिबिरं: भाषण सोडा, टेबल गाठा

नोव्हेंबरात ९ तारखेला विधी सेवा दिन आणि १४ ला बालदिन, म्हणून बालहक्क आणि शिक्षणावरची मोफत शिबिरं या पंधरवड्यात दाटीवाटीने येतात. सातपूर-अंबडच्या कामगार वस्तीतल्या पालकाने अर्ध्या दिवसाचा रोज बुडवून तिथे जावं का? जावं, पण सत्कार आणि दीपप्रज्वलन उरकल्यावर.

भाषणात सांगतात ते चूक नसतं. शिक्षण हक्क कायदा २००९ चा, १ एप्रिल २०१० पासून लागू, ६ ते १४ वयाच्या मुलांसाठी, हे सगळं ठीक. पण आईला हवं असतं ते एवढंच की कुठला कागद कुठून आणायचा. वक्त्याचा अभ्यास ताजा आहे का, हे ओळखायला एक प्रश्न पुरतो: जवळ सरकारी शाळा असली तर खासगी शाळेला वंचित आणि दुर्बल मुलांसाठी राखीव, लॉटरीने भरायच्या २५ टक्के जागांतून सूट मिळते का? राज्याने फेब्रुवारी २०२४ मध्ये तशी सूट दिली होती, मुंबई उच्च न्यायालयाने त्याच वर्षी जुलैत ती रद्द केली. इथे अडखळणाऱ्या वक्त्याचं बाकीचं ऐकायची घाई नको.

खरी किंमत मागच्या मदत टेबलाची. या राखीव जागांसाठी चांगल्या टेबलावर आधी विचारतात, वंचित गट की दुर्बल घटक? अनुसूचित जाती-जमाती, इतर मागास यांना जातीचा दाखला लागतो, उत्पन्नाचा नाही. दुर्बल घटकाला १ लाखाच्या आतला वार्षिक उत्पन्नाचा दाखला लागतो. हा फरक न सांगितल्यामुळे कितीतरी लोक सेतूत नको त्या दाखल्यासाठी रांग लावतात. भाड्याने राहणाऱ्यांचा करार नोंदणीकृत हवा; नोटरीचा पडताळणीत टिकत नाही. ऑनलाइन अर्जातल्या नकाशावर घराची खूण चुकीच्या गल्लीत पडली, तर लॉटरी लागूनही अंतराच्या कारणाने प्रवेश जातो. आणि ‘दोन अर्ज भरले तर चान्स वाढेल’ हा सायबर कॅफेतला सल्ला तर घातकच, कारण एकाच मुलाचे दोन अर्ज आले की दोन्ही बाद होतात. हे सगळं नोव्हेंबरात कळलं तर अर्ज सुटेपर्यंत दाखले हातात येतात. वेळ अचूक साधलेली असते, फक्त ती भाषणात जाते.

दिंडोरी-निफाडच्या बागांमध्ये मात्र हे वेळापत्रक अपुरं पडतं. सुरगाणा-पेठहून दिवाळीनंतर द्राक्षाच्या कामाला आलेली कुटुंबं हॉलपर्यंत येत नाहीत. शिबिर बागेच्या बांधावर, संध्याकाळी काम सुटल्यावर, आणि शक्यतो कोकणी (तिथल्या आदिवासींची बोली, गोव्याची कोंकणी नव्हे) बोलणारा माणूस सोबत घेऊन भरवलं तरच उपयोग. तिथे दोनच गोष्टी सांगाव्यात: गाव सोडताना मुख्याध्यापकांकडून शिक्षण हमी पत्रक, म्हणजे नव्या शाळेत दाखवायचं पत्र, घ्या, आणि शाळा सोडल्याचा दाखला आला नाही म्हणून नवी शाळा प्रवेश अडवू शकत नाही, शिक्षण हक्क कायद्याचं कलम ५ तसं सांगतं. वयाचा पुरावा नसला तरी कलम १४ प्रवेश नाकारू देत नाही.

शाळांमधली पोक्सोची, म्हणजे मुलांवरच्या लैंगिक अत्याचाराविरुद्धच्या कायद्याची, सत्रं त्यामानाने बरी असतात. मुलांना १०९८ हा बालकांच्या हेल्पलाइनचा नंबर पाठ होतो. शिक्षकांना मात्र कलम १९ नीट समजावत नाहीत: प्रकार कळला की पोलिसांना कळवणं बंधनकारक आहे, ‘आधी संस्थाचालकांना विचारू’ ही सवलत कायद्यात नाही. न कळवल्यास सहा महिन्यांपर्यंत शिक्षा होऊ शकते.

मोफत वकिलाबाबत एक बारकावा जाहिरातीत क्वचितच असतो. विधी सेवा कायद्याच्या कलम १२ प्रमाणे महिला आणि बालकांना उत्पन्नाची अट नाही. त्यामुळे अर्ज बापाच्या नावाने न करता आईच्या किंवा मुलाच्या नावाने केला, की उत्पन्नाच्या दाखल्याचा प्रश्नच मिटतो. शिबिर चुकलं तरी बिघडत नाही. जिल्हा न्यायालयाच्या आवारात विधी सेवा प्राधिकरणाचं कार्यालय आहे, हेल्पलाइन १५१००.

जाताना मूळ कागद आणि झेरॉक्सचा एक संच घ्या. शाळेविरुद्ध तक्रार असेल तर ती लेखी न्या, स्थानिक प्राधिकरणाच्या (महापालिका, जिल्हा परिषद) नावाने, आणि पोच मागा. शिक्षण हक्क कायद्याच्या कलम ३२ नुसार तीन महिन्यांत निर्णय द्यावा लागतो, आणि हे तीन महिने मोजायला पोचेवरची तारीखच लागते.